पंधरा तासांचे उत्तर

अण्णा, वस्तुस्थिती आधी क्रमाने मांडते. क्रम चुकलेला कागद तुम्ही पुढे वाचत नसत. पहिली गोष्ट, तुमची फुप्फुसे निकामी होत आली होती आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन लावायला सांगितले होते. दुसरी, पुण्याहून श्वसनोपचाराची पदवी घेऊन मी रत्नागिरीला परतले होते आणि आखाती देशात काम करण्याच्या परवान्याच्या परीक्षेची तयारी आपल्याच घरात, तुमच्या शेजारच्या खोलीत बसून करत होते. तिसरी, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे ते यंत्र, कॉन्सन्ट्रेटर, चालू असले की घरभर घरघर ऐकू येई. चौथी, मी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पाचवी, निकालानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात. तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीच्या मध्ये आणखी एक गोष्ट आहे. ती फक्त तुम्ही सांगू शकता.

सकाळचा चहा झालेला आहे. तुम्ही पडवीत आरामखुर्चीत बसला आहात, नाकातली नळी उंबरठा ओलांडून आत यंत्रापर्यंत गेलेली, मांडीवर माझे प्रश्नांचे पुस्तक. जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला शरीरशास्त्र समजत नाही, हे तुम्हाला कोणी पटवू शकलेले नाही. "ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरमधल्या गोळीचा आकडा कुठे वाचायचा? माथ्यावर, मध्यावर की तळाशी?" मी सांगते, मध्यावर. "का?" मी पुस्तकातले वाक्य म्हणून दाखवते. "उत्तर बरोबर. कारण पोपटाचं. पुन्हा सांग." स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज येतो, "अरे, खाऊ दे तिला घावन गरम आहेत तोवर. परीक्षा ती देत्येय की तू?" तुम्ही दम खाता, मग म्हणता, "माझ्या घरात कोणी नापास झालेलं नाही." आत्या म्हणते, "होय तर! आणि तू बसलास तर पहिला येशील. फक्त जिना चढून वर्गात कोण नेणार तुला, तेवढं सांग."

यंत्राची तपासणीही तुम्ही माझ्याकडून शिकून घेतलीत. नळी चिमटीत धरली की यंत्राला जोडलेल्या, हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीने शिटी द्यायला हवी. नाही दिली तर कुठेतरी गळती आहे. रोज सकाळी तुम्ही ती चाचणी घेत होतात आणि "शिटी झाली!" असे जाहीर करत होतात. आत्या विचारी, "कुकरची की तुझी?" माझ्या आजच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना ही चाचणी सांगितल्याशिवाय सुचत नाही, आणि जी मुले ती करतात ती तुमच्याइतक्या नेमाने करत नाहीत.

मग एका सकाळी तो प्रश्न आला. "दीर्घकालीन ऑक्सिजन दिवसातून किमान किती तास द्यावा?" मी म्हटले, पंधरा. "म्हणजे नऊ उरले," तुम्ही म्हणालात. वजाबाकी ही तुमची सवय होती, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. "अण्णा, पुढचा घ्या." "थांब. पंधरा झाले की नियम पाळला गेला?" "हो, पाळला गेला." तुम्ही पुस्तकावरून मान वर केली नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी मी दार लोटून वाचायला बसले की घर शांत असे. यंत्र बंद करून तुम्ही ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरवर गेला असाल, असे मी धरून चालले. सिलिंडरला आवाज नसतो. वर्गात वही पडली तरी तास थांबवणाऱ्या तुम्हाला अभ्यास आणि शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे कधी वाटले नव्हते, हे मला माहीत होते. त्याचा संबंध मी तुमच्या श्वासाशी जोडला नाही, कारण सिलिंडर कोपऱ्यात उभा दिसत होता.

तुम्ही गेल्यावर भाड्याचे यंत्र परत करायचे होते. यंत्र एकूण किती तास चालले ते दाखवणारा लहानसा आकडा त्याच्या अंगावर असतो. तो वाचणे हा माझ्या व्यवसायाचा भाग आहे, म्हणून वाचला. दिवसांनी भागल्यावर तो रोजचे जेमतेम पंधरा तास भरत होता, आणि सिलिंडर जवळजवळ भरलेला होता. मी आत्याला विचारले. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अगो, तू पुस्तक उघडलंस की तो बटण बंद करायचा. म्हणायचा, तिच्या पंधरा तासांत बसतंय. मी म्हटलं, सिलिंडर तरी लाव. तर म्हणे, तो वीज गेली तर लागेल. जेवायचा तसाच. माडांना पाणी सोडायला जायचा तसाच. येताना दाराला धरून उभा राहायचा हो मेला. मी बोलल्ये की बोटाने गप्प करायचा, तुझ्या खोलीकडे दाखवून."

जेवण, आंघोळ, चालणे, झोप: रक्तातला ऑक्सिजन घसरतो तो नेमका याच वेळी. उरलेले तास काढायचेच असतील तर ते खुर्चीत स्वस्थ बसलेले असताना काढावेत. तुमची संख्या बरोबर होती, तुमचे तास चुकीचे होते. डॉक्टर म्हणाले, आजार शेवटच्या टप्प्यावर होता, याने फरक पडला नसता. त्यांचे म्हणणे मी तपासले आणि मान्य केले. मान्य केले म्हणून ऐकू यायचे थांबत नाही. आता मी याच शहरात त्याच परीक्षेची तयारी करून घेते. प्रात्यक्षिक संपले की कोणीतरी कॉन्सन्ट्रेटर बंद करते, घरघर तुटते. त्या शांततेत दाराला धरून कोणीतरी उभे असते. मी वळून पाहत नाही. वर्गाला पुढचा प्रश्न देते.

परवा मात्र देता आला नाही. राजापूरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती निष्काळजी उत्तरे देते, म्हणून मी तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवत नाही. "मॅडम, पंधरा तास झाले की बाकीचे नऊ तास मशीन बंद ठेवलं तर चालतं का?" मागून कोणीतरी म्हणाले, "नऊ तास काय सुट्टी गं फुप्फुसांना?" सगळे हसले. "किती तास हा अर्धा प्रश्न आहे, कोणते तास, हे विचारा," असे मी म्हणाले आणि तिथेच थांबले. मुले पेन उघडून वाट पाहत राहिली. कारण 'कोणते तास' हाच त्या पुस्तकात पंधरा तासांच्या प्रश्नानंतरच्या पानावरचा प्रश्न होता, आणि ते पान आपण त्या सकाळी उलटले होते की नाही, हे मला आठवेना. त्या पुस्तकातले मला सगळे आठवते. एवढेच आठवत नाही.

ते पान उलटले नसेल, तर तुम्ही हिशेब केलात आणि चुकलात. गणिताच्या माणसाने करावी तशी चूक. उलटले असेल, तर कोणते तास महाग आहेत हे तुम्हाला ठाऊक होते, आणि तेच तुम्ही मला दिलेत. हे दुसरे खरे असेल, तर एवढे मी तुमच्याकडे कधी मागितले नव्हते. माझा परवाना भिंतीवर चौकटीत आहे आणि त्याच्याखाली बसून मी रोज शिकवते. त्याचे काय करायचे, ते तुमच्या उत्तरावर ठरेल.

हे पत्र पाठवण्याजोगा पत्ता नाही, हे मला कळते. माझी बुद्धी अजून शाबूत आहे. एक मान्य करते. चुकलेल्या उत्तरासाठी मी आजवर कोणाला अर्धा गुणही दिलेला नाही, आणि तुमचे उत्तर चुकलेलेच असावे अशी माझी इच्छा आहे. तरीही खरे काय ते कळवा. आत्याकरवी नको, स्वप्नात येऊन बोटाने खुणा करून नको. लेखी द्या, तुमच्या अक्षरात, कारणासहित.