काठी खरी की काटा

३ फेब्रुवारी १९३७, बुधवार
दादांच्या मोटारीतला पेट्रोलचा काटा नाचतो. काटा विजेवर चालतो, म्हणजे हे काम माझंच. घरात विजेवरचं पुस्तक वाचलेला मी एकटा (पहिली साठ पानं). ड्रायव्हर बिरू म्हणाला, काट्याच्या नादाला लागू नका, धाकलं मालक. मी टाकीत काठी घालून बघतो, तीच खरी. अडाणी! उद्या डॅशबोर्ड उघडायचा. दादांना सांगायचं नाही. सरप्राइज.

४ फेब्रुवारी, दुपार
उघडला. दुरुस्त केला. परत बसवला. दोन स्क्रू उरले, जास्तीचेच असणार. काटा नाचायचा थांबला. शून्यावर अगदी गप उभा आहे. काम फत्ते.

६ फेब्रुवारी, शनिवार
घात झाला. काल दादांनी बारामतीत टाकी भरून घेतली. आज इंदापूरच्या बागेत जायला बसतात, तर काटा शून्यावर. पेट्रोल विकलंस म्हणून बिरूवर तुटून पडले. बिरूनं टाकीत काठी घातली, चांगली वीतभर ओली निघाली. म्हणाला, बघा की दादा, पेट्रोल हाय. काटाच खोटा हाय.

दादा माझ्याकडं वळले. तू शिकलेला, सांग, काठी खरी की काटा? दहा माणसं बघत होती. खरं ते ओठांवर आलं होतं. म्हणालो, काटा. विलायती आहे. काठी काय, कुठंही भिजवून आणता येते.

हे शेवटचं कशाला बोललो मी? चोर सापडेपर्यंत मोटार हलणार नाही म्हणून दादा भाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेले. मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, बरं न्हाय का? डोकं दुखतंय म्हणालो.

८ फेब्रुवारी
दादा बाहेर गेलेले बघून डॅशबोर्ड पुन्हा उघडला. मी कोंबून बसवलेली वायर लोखंडाला टेकत होती. बोटानं बाजूला केली, काटा टुणकन वर! म्हणजे बिरू खरा. आज सांगायचंच. अगदी ठरलं.

संध्याकाळी दादा खुशीत होते, मोसंबी चांगली लागली आहे. खुशीतल्या माणसाचं मन कशाला मोडा? उद्या.

ता. क. वायर परत लोखंडाला टेकवून ठेवली. काटा आपोआप बरा झालेला दिसला तर दादांना नसती शंका यायची.

९ फेब्रुवारी
दादा रागात. रागावलेल्या माणसाला काय सांगणार?

१४ फेब्रुवारी, रविवार
दादांनी देवघरातला खंडोबाचा बेलभंडार अंगणात आणला. मोटारीला हात लावणाऱ्या प्रत्येकानं तो उचलून शपथ घ्यायची, पेट्रोल चोरलं नाही म्हणून. मला दरदरून घाम फुटला. मग शांतपणे विचार केला. शपथ पेट्रोलची आहे, काट्याची नाही. पेट्रोल मी कुठं चोरलं? उचलला. कपाळालाही लावला, भक्तीनं.

पुढं बिरू. त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. दादा म्हणाले, झालं की रं मग. चालता हो.

१५ फेब्रुवारी
म्हणजे खरंच चोर होता! मनावरचं ओझं उतरलं. खात्री करावी म्हणून टाकीत काठी घातली. वीतभर ओली. ओझं परत चढलं.

२१ फेब्रुवारी, रविवार
आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून सायकलवर पिंपळीला, बिरूच्या घरी. वाटेत तीन वाक्यं पाठ केली. काटा मी बिघडवला. तुझा काही दोष नाही. दादांना आजच सांगतो.

बिरू आता दुसऱ्याची मेंढरं राखतो. गाव त्यांना चोर म्हनतंय, असं त्याची बायको गोजरबाई डोळे पुसत सांगत होती, आणि मलाच दुधाचा पेला देत होती. लाज वाटली. खरोखर वाटली. तोंड उघडलं, तेवढ्यात बिरूनं माझे पाय धरले. म्हणाला, मालक, दिवाळीत मेंढीच्या जखमेत किडं पडलं हुतं. तवा किडं माराया टाकीतनं बाटलीभर पेट्रोल घेतलं हुतं मी. भंडारा कसा उचलू? तुमी काटा खरा म्हनला, तवाच काळजात चर्र झालं. देवानंच त्या काट्यात बसून माजी बाटली धरली. माफ करा, मालक.

तिन्ही वाक्यं पाठ होती. एकही विसरलो नव्हतो.

दूध संपवलं आणि म्हणालो, असू दे. पुन्हा असं करू नकोस.