बाबांच्या शर्टाची बटणं

प्रिय आई,

तू पाठवलेला मक्याचा कॉर्नब्रेड पोचला. पोटभर जेवते, काळजी नको.

फिजिओथेरपी सहाय्यकाच्या चाचणीत आज पुन्हा नापास झाले. वर्गातली टॅमी पेशंट झाली होती, तिला मी खुर्चीतून उठवलं. हॅचर मॅडम म्हणाल्या, "बाई गं, सगळं तूच केलंस! ती काय नुसती बाहुली?" असा संताप आला! शुक्रवारच्या फेरचाचणीतही जमलं नाही, तर हॉस्पिटलात शिकायला पाठवणारच नाहीत.

मग वाटलं, ही सवय आपल्या घरचीच. अर्धांगवायू झाल्यापासून बाबांची बटणंसुद्धा तूच लावतेस. उद्या शर्ट त्यांच्या हातात दे. कोळसा खणलेला माणूस तो, चिडेल, पण लावेल. तू फक्त हात मागे बांधून उभी राहा.

मला तेवढंच जमत नाहीये.

तुझी हट्टी,
शेल्बी