जिना उतरतानाचं वजन

४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू दिलेली वजन मोजायची पट्टी नकली पायात घालून फिरले. परत पाठवलीय, घे आता डोक्यावर. कापडाचे थर चिकटवून केलेला पाय कुठून सुटेल, हे म्हणे कॉम्प्युटरला विचारायचं! मला विचार. आई गेल्यावर घेतलेला, जवळपास नवा पाय, तरी जिना उतरताना आतून कुरकुरतो. चढताना चकार शब्द नाही. लवकर काय ते बघ, घरात बसून मी कुजणार नाही. ओरडले तरी जीव आहे तुझ्यावर, तो असू दे.

ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न.

डोक्यावर घेतली, आता खाली ठेवता येईना. तुझी पावलं कॉम्प्युटरातल्या पायाला चालायला दिली. सपाटीवर काही नाही, चढताना काही नाही. उतरताना मात्र टाचेवरच्या वळणात दोन थर एकमेकांना सोडतात आणि फट पुढे सरकत जाते. पाय जिन्यातच मोडेल. खाली उतरू नकोस.

पुढचं लिहू की नको असं झालंय. उतरताना तू जड असतेस. पाय आपटण्याचा जोर वजा केला, हातातल्या पिशव्या धरल्या, तरी वजन उरतंच. आमच्या पायांच्या कारखान्यातले साहेब म्हणाले, पट्टी बिघडलीय. मी स्वतः उभा राहून पाहिलं, पट्टी बरोबर आहे. उरतं ते आजारात आईचं होतं तेवढंच. माझी चेष्टा करत असशील तर सांग, रागावणार नाही. माया पातळ करू नकोस.

धाकटा

२७ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

चेष्टेला वेळ कुणाला आहे? तू लांब, तुला काय माहीत. जुन्या पायाने मी तिला रोज पाठीवर घेऊन उतरायची, खाली बाकावर उन्हात बसवायची, परत वर आणायची. त्या दिवशी बसवली आणि ती तिथेच गेली. तिथूनच नेली. वर आणायची राहिली.

तुझं पत्र वाचून मुद्दाम उतरले. मान वळवली नाही. शेवटच्या पायरीवर खांद्यावरून काहीतरी सुटलं. रोज सुटतं. मला वाटायचं, शाल घसरतेय.

बाकावर सावली होती. तिच्या जागेला हात लावला, तर गरम.

तेव्हा नवा पाय दोघींच्या वजनाचा कर. आणि कॉम्प्युटरला चढतानाचं वजनही धरायला सांग. या खेपेला मी तिला वर आणणार आहे.

उशीर करू नकोस, ती खाली बसलीय. लोभ ठेव, दोघींवर.

ताई