न बोलावता आलेले नान्ना

अमीरपेट, हैदराबाद
मंगळवार

तीर्थस्वरूप वरहालम्मा अत्तय्यांना सुगुणाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा, दोन्ही म्हशी आणि शेजारणीशी चाललेलं भांडण, सगळं ठणठणीत असेल अशी आशा आहे. इकडे मी खुशाल. तुमचे धाकटे बंधू, म्हणजे माझे वडील, आमचे नान्ना, जरा जास्तच खुशाल आहेत; त्याबद्दलच हे पत्र.

तुम्ही विचारलं होतंत, पदवी मिळाल्यावरही पोर चार महिने काय शिकतेय? अत्तय्या, संगणकात वस्तू घडवायची तर आधी तिचा आराखडा लिहितात. एका आराखड्यावरून दुसरा काढला की पहिला बाप, दुसरी लेक. बापाचं सगळं लेकीला वारशाने मिळतं (आपल्या घरात फक्त नाक मिळालं). पण लेक घडताना आधी बापाचा विधी व्हावा लागतो, त्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. मला हे पटेना. घरातली पहिली पदवीधर मी. लेकीने स्वतःच्या पायावर उभं राहायलाही बापाला का हाक मारायची? म्हणून मी आधी लेकीचं नाव-गाव लिहिलं आणि बापाला दुसऱ्या ओळीत बोलावलं. यंत्राने तांबडी रेघ मारली. क्लासचे चलपती सर म्हणाले, "पोरी, समाजसुधारणा संध्याकाळी कर. बाप पहिल्या ओळीत." मी चिडून ती ओळच खोडली, आणि काय आश्चर्य, प्रोग्रॅम धावला! सर हसले. "तू बोलावलं नाहीस म्हणून बाप आला नाही, असं वाटतंय? यंत्राने मागच्या दाराने आणलाय त्याला." मात्र बाप अटी घालणारा असेल, हातात काही पडल्याशिवाय हलत नसेल, तर यंत्रही हात टेकतं, मग त्याचं मागणं लेकीनेच पहिल्या ओळीत पुरवायचं.

मला हे खरं कळलं ते काल, मुलाखतीत. दोन कंपन्यांनी आधीच नकार दिला होता. हीही हुकली तर नान्नांच्या अटीप्रमाणे तेनालीला परतून बोहल्यावर चढायचं, तेही तुमच्याच लेकासमोर, सूर्यमसमोर. (तो गुणी आहे, कबुतरांतून सवड मिळाली तर.) म्हणून नान्नांना बजावलं होतं, येऊ नका. पण नान्ना पडले गवंडी. नव्या चुलीवर दूध उतू गेल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला नव्या घरात पाऊल टाकू दिलेलं नाही.

आत मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी नेमकं विचारलं, "लेकीने बापाला बोलावलंच नाही, तर?" तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे नान्ना दिसले. एका हातात पितळी पातेलं, दुसऱ्या हातात स्टोव्ह, आणि रखवालदाराला दम देताहेत, "आधी दूध उतू जाऊ दे, मग चालव तुझी कंपनी!"

मी म्हटलं, "मॅडम, तो येतोच. मागे बघा."

त्यांनी पाहिलं. "आणि अट घेऊन आला, तर?"

"ती पुरी होईपर्यंत पुढचं काही सुरू होत नाही."

बाहेर लिफ्टपाशी दहा माणसं खोळंबली होती. शेवटी मॅडमनीच कँटीनची शेगडी मिळवून दिली. दूध पूर्वेला उतू गेलं, रखवालदाराला प्रसाद मिळाला आणि मला नोकरी.

येत्या सोमवारी मी रुजू होते. नान्ना काल रात्री तेनालीच्या गाडीत बसताना म्हणाले, मी पहिल्या दिवशी शेजारी बसेन. अत्तय्या, ते फक्त तुम्हाला भितात. त्यांना आवरा. कन्स्ट्रक्टर सुरुवातीला एकदाच चालतो, रोज सकाळी नाही!

तुमची,
सुगुणा

ता. क. : हे पत्र नान्नांना वाचून दाखवू नका. दाखवालच, तर नाकाचं वाक्य गाळा.

आणखी ता. क. : आत्ताच कंपनीचा कागद आला. रुजू होताना करारावर वडिलांची सही लागते, तीही कंपनीच्या माणसांसमोर बसून. त्याशिवाय आत घेत नाहीत. कागदाची पहिलीच ओळ आहे. तेव्हा सोमवारी त्यांना आवरू नका, पहाटेच्या गाडीत बसवा, मंगळवारपासून आवरा. आणि पातेलं विसरू देऊ नका. मॅडमनी नवा फ्लॅट घेतलाय, त्या नान्नांबद्दल विचारत होत्या.