खडीच्या रस्त्याचं वेळापत्रक

प्रिय मिस्त्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी पालथं ठेवलं असशील, चहा प्यायला असशील आणि मग वहिनींचं लक्ष नाही असं बघून फोडलं असशील. चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या माणसाने तिकीट लावून पत्र पाठवावं हा शुद्ध वेडेपणा आहे, मला मान्य आहे. पोस्टातल्या बाईनेही पत्ता वाचून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. चालत आलो असतो तर सात मिनिटं लागली असती, तुझ्या गल्लीतला कुत्रा धरून नऊ. आणि या वेळी फोन का केला नाही, ते शेवटी सांगतो. मधली पानं गाळून शेवट वाचायची तुझी जुनी खोड आहे, ती एवढ्या वेळेला आवर.

आधी कामाचं. खडीच्या रस्त्यावरची मोटारींची रॅली यंदा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, म्हणजे आजपासून बरोबर तेवीस दिवसांनी. बावीस वर्षांत आपण एकही रॅली चुकवलेली नाही. तुझं अपेंडिक्स काढलं त्या वर्षीही तू टाक्यांसकट आला होतास आणि प्रत्येक गाडी गेली की पोट धरून वाकायचास. यंदा मात्र तू येणार नाहीस असं तू लेकीला सांगितलंस, आणि तिने मला सांगितलं. तू आला नाहीस तर मीही जाणार नाही, आणि एकदा हे वर्ष चुकलं की आपलं संपलं, हे मला स्वच्छ दिसतंय. आपल्या वयात मैत्री भांडणाने तुटत नाही रे. एकदा जायचं राहून जातं, मग ते राहूनच जातं. तेव्हा मी नेहमीसारखा बेत आखला आहे, सोबत जोडला आहे. अकरा रकाने आहेत. हसू नकोस.

पहिली गाडी येण्याच्या तीन तास आधी खडीचा रस्ता बंद करतात. त्यामुळे घरातून निघायचं पाच चाळीसला, पेट्रोल पंपावर सहा दहा, रस्त्याच्या तोंडाशी सात पाच. पुढे पायी पंचवीस मिनिटं, त्यात तुझे गुडघे म्हणून चार मिनिटं राखीव. नऊ दहाला चहा, सोबत ब्रेड आणि उकडलेली अंडी. नऊ पंचवीसला झाडामागे जाऊन यायचं, कारण एकदा गाड्या सुरू झाल्या की दर दोन मिनिटांनी एक येते आणि आपल्या दोघांचंही काम आता दोन मिनिटांत आटपत नाही. हा रकाना वाचून आमच्या बायकोने विचारलं की ते ठरल्या वेळी आलं नाही तर काय करणार. तिला सांगितलं, एकतीस वर्षं मी बस डेपोत वेळापत्रकं आखली आहेत, अशा अडचणींसाठीच राखीव वेळ असतो. ती म्हणाली की त्या एकतीस वर्षांत तिला एकही बस वेळेवर मिळाली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी ही तक्रार माझ्याच खात्यावर येते.

आता गेल्या वर्षीचं बोलू. ते टाळून हे पत्र पुढे सरकणार नाही. चूक माझी होती, एकदा लेखी घे. आयोजकांच्या तक्त्यात रस्त्याचे दोन पट्टे होते. एकात चौदा किलोमीटरला दहा मिनिटं दिलेली, दुसऱ्यात एकतीस किलोमीटरला पंचेचाळीस. माझ्यासारख्या माणसाने विचार केला की पहिल्या ठिकाणी गाडी डोळ्यांसमोरून जाईल आणि कळणारही नाही. दुसऱ्या ठिकाणी निवांत बघायला मिळेल, शिवाय वेळाही मिनिटागणिक छापलेल्या. बरं, जागा तरी कशी, डांबरी चौक, सावली, जवळच स्वच्छतागृह. सगळी गर्दी उलट्या दिशेला चालली होती तेव्हा मी तुला म्हणालो होतो की बघ, लोकांना तक्ता वाचता येत नाही. आपण घडीच्या खुर्च्या मांडून पहिल्या रांगेत बसलो. दुसरी रांग नव्हतीच.

आणि मग आठ चाळीसला पहिली गाडी आली. इंडिकेटर देऊन. सिग्नलला थांबली. आत चालकाने शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं होतं आणि तो केळं खात होता. दुसऱ्या गाडीने भाजीची पिशवी घेतलेल्या एका आजीबाईंना रस्ता ओलांडू दिला. त्या दोन टप्प्यांमधल्या साध्या रस्त्यावर गाड्यांनी रहदारीचे नियम पाळायचे असतात, शर्यत असते ती फक्त खडीवर, हे बावीस वर्षं तू मला सांगत होतास म्हणे. मी नकाशे बघण्यात असायचो. एकोणीसच्या एकोणीस गाड्या ठरल्या वेळी आल्या. माझं वेळापत्रक एका मिनिटाने चुकलं नाही, फक्त रस्ता चुकला. तू त्या खुर्चीत डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलास. हे लक्षात ठेव, मिस्त्री. तेव्हा तू हसला होतास.

दुपारच्या फेरीला आपण धावतपळत खडीवर पोचलो. पुढचं आपण दोघांनी कोणालाच सांगितलेलं नाही. इथल्या लोकांना एवढंच माहीत आहे की दोन म्हातारे वेळापत्रकावरून भांडले आणि अकरा महिने बोलत नाहीत. डेपोतले लोक अजून मला चौकात बघून इंडिकेटर दिल्यासारखा हात करतात. मी हसून घेतो. तूही गॅरेजमध्ये तेच सांगतोस, असं कळलं. सांगत राहा, माझी काही हरकत नव्हती. पण आता आहे.

आपला जुना खेळ तुला आठवतो ना? वळणाच्या आतल्या अंगाला उभं राहायचं, तू डोळे मिटायचे आणि गाडी दिसण्याआधी नंबर सांगायचा. सहा नंबर, तिसऱ्या गिअरला किरकिरतोय. अकरा नंबर, सायलेन्सर सैल झालाय, पुढच्या वळणापर्यंत टिकणार नाही. आजूबाजूचे लोक गाड्यांपेक्षा तुझ्याकडे बघायचे आणि मी बाजूला उभा राहून मालकासारखा मिरवायचो. तीन वर्षांपूर्वी तुझे दोन नंबर चुकले. त्याच्या पुढच्या वर्षी तू डोळे मिटणं सोडलंस आणि धूळ दिसल्यावर नंबर सांगायला लागलास. मी तरीही मिरवत राहिलो. त्याच सुमारास गुडघ्यांचं कारण सांगून तू गॅरेज लेकीच्या हाती दिलंस. वर चार मिनिटं राखीव ठेवली ती तुझं मन राखायला, तुझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. तू अजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतोस, मी समोरच्या दुकानातून पाहिलंय.

त्या दुपारी तू प्रेक्षकांना अडवायला बांधलेली पट्टी ओलांडून पलीकडे चालला होतास आणि मध्येच बुटाची नाडी बांधायला वाकलास. रस्त्यावर राखणीला असलेल्या मार्शलने शिट्टी वाजवली. लांब, तीनदा. सगळे मागे सरले, पलीकडच्या झुडपातले पक्षीसुद्धा उडाले. तू नाडीची दुसरी गाठ मारत होतास. मी तुझी कॉलर धरून तुला ओढलं, आपण दोघं काटेरी झुडपात पडलो आणि चौदा नंबरची गाडी तुझ्या टोपीवरून गेली. तू उठलास तो लालबुंद होऊन, शंभर लोकांपुढे माझ्यावर ओरडलास की माझ्या भिकार वेळापत्रकाने तुझा दिवस फुकट गेला. सकाळी ज्यावर पोट धरून हसलास त्यावरच दुपारी ओरडलास. मला त्याच क्षणी सगळं कळलं. खरं सांगतो, ती गाडी जितकी जवळून गेली त्याहून मी त्या कळण्याला जास्त घाबरलो. मग मी मान खाली घालून म्हणालो, हो, माझंच चुकलं. ते ऐकून नाही, बघून, तुझा चेहरा जरा सैल झाला. वाटलं, एवढ्यावर भागत असेल तर भागू दे. अकरा महिने भागवलं.

वहिनींवर आळ घेऊ नकोस, त्यांनी मला काहीही सांगितलेलं नाही. लेकीने मात्र एक सांगितलं, तेही रडत नव्हे, वैतागून. तिने आणलेलं कानातलं यंत्र तू स्पार्क प्लगच्या डब्यात ठेवलं आहेस. मिस्त्री, इंजिनातून खडखड येत असताना गाडी वेळेवर दाखवली नाही म्हणून तू गिऱ्हाइकांची किती हजामत केली आहेस, जरा आठव. मला तर तू एकदा माझ्या स्कूटरसमोर कान धरायला लावलं होतंस.

मागच्या बुधवारी मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून लोकरी टोपी घातली आणि रॅलीचा रस्ता बघायला गेलो. बस मीच एकेकाळी आखलेली होती, अकरा मिनिटं उशिरा आली. आधीच्या पाहणीत एक जागा हेरून ठेवली होती. वळणाच्या आत, रस्त्यापासून पुरुषभर उंचावर एका शेताचं लोखंडी फाटक आहे. जुनं, जड, जमिनीत खोल पुरलेलं. त्या रस्त्याने खाणीतले ट्रक जातात. मी फाटकाच्या दांडीवर दोन्ही तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिलो. पहिल्या ट्रकच्या वेळी मला काही कळलं नाही. दुसऱ्याच्या वेळी वाटलं की माझेच हात थरथरतायत. पण तिसरा वळणापलीकडे असतानाच दांडीत बारीक मुंग्या आल्यासारखं झालं, मग ते वाढत गेलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा ट्रक यायचा होता. सहाव्या ट्रकपर्यंत भरलेला कोणता आणि रिकामा कोणता ते मला, मला, ओळखता यायला लागलं. मी आयुष्यात स्टेपनी बदललेली नाही. तुझ्या हातांना तर त्यातला कुठला बोल्ट सैल आहे तेही कळेल. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायचास, त्यातलाच हा प्रकार आहे.

सातव्या ट्रकवाल्याने गाडी थांबवली आणि मला काहीतरी विचारलं. कापूस काढायचा कंटाळा आला म्हणून मी हसून मान हलवली. त्याने आणखी काही विचारलं, मी पुन्हा मान हलवली. मग तो भला माणूस खाली उतरला, त्याने मला उचलून केबिनमध्ये बसवलं, माझ्या खिशातल्या कागदावरून पत्ता शोधला आणि थेट घरी आणून सोडलं. वाट चुकलात का, असं तो विचारत होता म्हणे. खडीच्या ट्रकमधून पांढराफटक होऊन उतरणारा नवरा बघून बायकोने दारातच बराच वेळ बोलून घेतलं. मी तिच्याही बोलण्यावर मान हलवली. तिने टोपी काढून कापूस उपसला तेव्हा मला रडू आलं. मी अर्धा दिवस मान हलवली होती. तू तीन वर्षं हलवतोयस, आणि मी तुझ्या शेजारी उभा राहून नंबर मोजत होतो.

आता फोनचं. अकरा महिन्यांत मी तुला चार वेळा फोन केला. चारही वेळा तू हो, हो, बघू म्हणालास आणि ठेवलास. तुझ्या कानांचं माहीत असूनही मला वाटायचं, राग आहे. राग नव्हता, मी काय म्हणतोय ते तुला कळतच नव्हतं. दोनदा घरी आलो, घंटा वाजवून परत गेलो, तेव्हाही आतला दिवा दिसत होता. म्हणून हे पत्र. हे तुला अर्धंमुर्धं पोचणार नाही आणि यावर तुला नुसती मान हलवता येणार नाही. तुला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, मिस्त्री, आणि मला ते माहीत असल्याने जगात काहीही बिघडलेलं नाही. यंत्र घालायचं की स्पार्क प्लगच्या डब्यात ठेवायचं ते तू ठरव. पण खेळ सोडायचा नाही. या पत्राला उत्तर नको. तेवीस दिवसांनी रविवारी मी तुझ्या दारात येईन, घंटेला हात लावणार नाही. तू आतून घराखालच्या गॅरेजच्या शटरला तळहात टेकवून उभा राहा. मी बाहेरून हलवीन. पाच चाळीसला. यावेळी रस्ताही बरोबर आहे.

तुझाच,
टाइमटेबल