कागदात गुंडाळलेल्या गोळ्या

मंगळवार, संध्याकाळ, पेण

शेवटी आज रोह्याला जाऊन मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटलो. डॉक्टर पेणमध्येही आहेत, पण इथल्याच रामवाडीत माझं मेडिकल. इथे मला कोण ओळखत नाही? सुमनला सांगितलं, औषधांच्या एजन्सीत काम आहे. बायकोशी खोटं!

डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप कधीपासून लागत नाही?" थोरला भाऊ गेल्यापासून, म्हणालो आणि रडूच फुटलं. त्यांनी रडू दिलं. बरं वाटलं.

पण दवाखान्याखालच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून आवाज खाली आणला आणि गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या. "कोणाला दिसायला नको, नाय का?" माणूस चांगला होता. तरी मला चोरून काहीतरी नेतोय असं वाटलं.

आणि मी काय करतो? वीस वर्षं ह्याच गोळ्या अशाच कागदात बांधून देतोय. वाटायचं, गिऱ्हाइकाची लाज राखतो. दर महिन्याला येणाऱ्या बालवाडीच्या बाईंना कधी विचारलं का, कागद हवाय म्हणून?

उद्या त्या येतील तेव्हा विचारीन. पण माझी स्वतःची पुडी अजून पिशवीच्या तळाशीच आहे. बाईंचं नंतर.

सुमनला हाक मारली आहे. ती आली की तिच्यासमोरच कागद सोडतो.