ताई, जेवताना वेदीचं नाव काढू नकोस

ती. विनिफ्रेडताईस,

धाकट्या सिरिलचा नमस्कार. गुडघ्यांना उतार आहे का? (जिने चढू नकोस म्हणून किती सांगायचं?) मी बरा आहे, म्हणजे खोकला आहे, झोप नाही, आणि तू जूनमध्ये येणार हे कळल्यापासून धास्तावलो आहे. राग मानू नकोस. तू यावंस असं मनापासून वाटतं; भीती आहे ती जेवणाच्या टेबलाची.

ज्या शब्दापायी आईने माझं तोंड साबणाने धुतलं होतं, तो आठवतो ना? आपल्या न्यूफाउंडलंडात खलाशीसुद्धा तो बायकांसमोर गिळतात. इथे क्वेबेकात सगळे फ्रेंच बोलणारे. आपला तो इंग्रजी शब्द म्हणजे त्यांच्या लेखी नुसतं ‘बिघडलं’. उगेतकडे (मी रविवारी जेवायला जातो ती विधवा, तुला लोकरीची टोपी धाडली होती तिने) परवा फादर लव्हाक आले होते. ही त्यांना वाढता वाढता म्हणते, “फादर, सूप गुठळ्यांचंच घ्या, माझा मिक्सर पार...” आणि तो शब्द! माझा चमचाच गळाला. फादर शांतपणे म्हणाले, “अगं, माझ्या गाडीचंही तेच झालंय.”

विषय बदलावा म्हणून मी चर्चच्या वेदीवरच्या सोनेरी पेटीची (पवित्र भाकर ठेवतात ती) तारीफ केली. इतकी वर्षं राहूनही माझी जीभ फ्रेंचला वळत नाही, त्यात घाबरून आवाज चढलेला. उगेतच्या भावाला ठसका लागला, सुनेने पोराचे कान झाकले. “अहो सिरिल, निदान फादरांसमोर तरी!” ती ओरडली. ताई, इथे शिव्या हासडतात त्या चर्चच्या भांड्याकुंड्यांच्या! पेटी, प्याला, भाकर, काही म्हणता काही सोडलेलं नाही. उच्चार जरा घसरला की संपलंच. आणि तू तिकडे दर शनिवारी चर्चचे तेच प्याले घासणारी आणि आठवडाभर त्यांचंच कौतुक सांगणारी. हात जोडतो, इथे जेवताना गुडघ्यांबद्दल बोल, हवेबद्दल बोल.

उगेत वाईट नाही गं. हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला तेव्हा उशाशी बसून माझे मोजे रफू करत होती. मला वाटलं रागावली आहे. तर म्हणाली, “म्हाताऱ्या, तू गेलास तर माझं सगळंच...” आणि तोच शब्द. इतकं मायेने माझ्याशी जन्मात कोणी बोललं नव्हतं.

तुझा,
सिरिल

ता. क. मूळ गोष्ट राहिलीच. तू येशील त्याच शनिवारी आमचं लग्न आहे. आई नाही, बाबा नाहीत. माझ्या बाजूने तू उभी राहा. नाही म्हणू नकोस.

आणखी ता. क. तू तिला त्या शब्दाचा अर्थ सांगायला जाशील. नको. मी गेल्या वर्षी एकदा सांगून बसलो होतो. बिचारी लालबुंद झाली, आणि त्यानंतर माझ्याशी एकेक शब्द चाळणीतून काढून बोलायला लागली, परक्या पाहुण्याशी बोलावं तशी. घर कसं सुनं सुनं झालं. मला घास उतरेना. शेवटी एकदा मुरंब्याची बरणी तिच्या हातून निसटली, फुटली, आणि तिच्या तोंडून तो शब्द गेलाच. मी फडकं घेऊन खाली बसलो, लादी पुसता पुसता देवाचे आभार मानले.